अंबूबाईची नळी

५ नोव्हेंबर १९५६
व्हय, हसले मी! डॉक्टर म्होरं असले म्हनून काय झालं? मालक गेल्यापासनं हसायला हा दवाखानाच तेवढा हाय. घरी कुनासंगं हसू — चुलीसंगं?

ऑपरेशनपासनं अंबूबाईला लघवीची रबरी नळी लावलीय. लघवी गढूळ झाली. नानासाहेब डॉक्टर आमा आयांना सांगत व्हते, "या जंतूंच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांनीच ते नळीला धरून बसतात."

म्हनलं, "केसाळ हायेत तर न्हावी बोलवा की!"

डॉक्टर हसले न्हाईत. अंबूबाई मात्र पोट धरून — "गप की गं मंजुळे, टाके उसवतील!"

७ नोव्हेंबर
अंबूबाईला ताप. दात वाजत्यात. तिचा नवरा कासारवाडीहून डबा घेऊन आला, तसाच माघारी गेला.

८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी नळी बदलली. जुनी उभी चिरून दाखवली. आत बुळबुळीत — न घासलेल्या रांजनावानी!

"चिकटले की वर असा थर धरतात. नुसत्या पाण्यानं निघत नाहीत, औषधही आत पोचत नाही. बाईंनी हे घरून आणलेलं नाही. आपण दिलंय. नळी उकळायची पाळी कुणाची होती?"

गुलशनची. नवी आया हाय, दोन महिन्यांखाली लागलेली. रडायला लागली — "पानी खदखदत व्हतं, साहेब. मैं कायको झूट बोलूं?"

मी चिरलेली नळी उचलून बादलीत टाकली.

१० नोव्हेंबर
अंबूबाई गेली. पहाटं.

११ नोव्हेंबर
तिच्या खाटेची चादर मीच काढली. शेजारच्या बाईला एक गंमत सांगितली. तिनं कूस बदलली.

१२ नोव्हेंबर
गुलशनला कामावरनं काढलं. जाताना माझ्या पाया पडली! "मौसी, तुमी तरी सांगा, मी उकळली व्हती." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. "दुसरं काय करनार मी?" — सगळ्यांना हेच सांगितलं.

१३ नोव्हेंबर
गुलशननं नळी उकळलीच व्हती. ऑपरेशनच्या दिवशी अंबूबाईला हसवायला मी डॉक्टरांची चाल करून दाखवत व्हते. नळी माझ्या हातनं फरशीवर पडली. नळाखाली धरली, आन् तशीच डॉक्टरांच्या हाती दिली.