कोबीचं पिंप बाहेर काढ

वुकाशिन,

मी परत हॉस्पिटलात चाललेय. तुझे बाबा स्वतःच्या छातीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, सारखं आपलं त्या म्हाताऱ्या झास्तावा गाडीचंच. म्हणतात, हँडब्रेक सोड, नाहीतर थंडीत चिकटून बसेल. चाकांना विटा लाव. माझं आंबवलेल्या कोबीचं पिंपही गॅरेजमधून काढ. त्या खारट वाफेने पत्रा गंजतो म्हणून दर हिवाळ्यात माझं डोकं खातात. यंदा होऊ दे त्यांच्या मनासारखं. भरल्या कोबीपानांचा सरमा ठेवलाय, तो गरम करून घे, उपाशी राहू नकोस.

बॅटरी मात्र काढायची नाही म्हणाले, रविवारी घरी येऊन चक्कर मारणार आहेत. डॉक्टरांनी रविवारचं नावही काढलं नाही.

तू बॅटरी काढ आणि कोठीत ठेव, उभ्या गाडीत थंडीने उतरेल. संध्याकाळी भेटायला येशील तेव्हा गाडी रविवारसाठी तयार आहे, असंच सांग.

आई