चमच्यातली गांधीलमाशी

कॅनी खोरं, केंटकी
सोमवार, १६ सप्टेंबर १९९६

चि. डेलमर यास,
अ. उ. आ. या खेपेला गाळलेत.

आणि हातांचं काय रे? ‘स्वतःच्या हातांनी’ असं छापलंय पेपरात! कुठल्या हातांनी? ज्यांना अजून सायकलची साखळी चढवता येत नाही त्या? तुझ्या वांडानं बिचारीनं कात्रण पाठवलं आणि वर लिहिलं, की वन्सं, बघा, तुमच्या भावानं घराचं नाव काढलं. तिला यातलं काही माहीत नाही, म्हणून तिला काही बोलत नाही. तुला बोलते.

डेटनचे डेलमर स्टिडम यांनी आपल्या बहिऱ्या आईसाठी बनवलेलं डल्सिमर हे विजेवरचं तंतुवाद्य. शेजारी तुझा फोटो. वाद्य मांडीवर आणि आईचा लाकडी चमचा हातात, जसा काही बीन्स ढवळायला उठलायस. तो चमचा कशासाठी आहे हे तरी पेपरवाल्याला सांगता आलं का?

मग ऐक. अंगाचं लाकूड आईच्या पलंगाच्या उशाकडची अक्रोडाची फळी. पलंग मोडला तेव्हा तू ती चुलीत घालायला सांगितली होतीस. तारांखाली टेलिफोनचे दोन रिसीव्हर बसवलेत, एक आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फोनचा, दुसरा बंद पडलेल्या खाणीच्या कचेरीतला. त्यांतली चुंबकं तारांची थरथर पकडतात. आवाज मोठा करायचं यंत्र जुन्या रेडिओतून काढलं आणि चरबीच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डबा खडखडू नये म्हणून आतून गोधडीचे तुकडे चिकटवले. डब्यातून निघालेली वायर चमच्याच्या वाटीतल्या तांब्याच्या वेटोळ्याला. चमच्याचा दांडा आईनं दातांत धरायचा आणि मी वाजवायचं. कानांनी अकरा वर्षं जे आत येऊ दिलं नव्हतं ते जबड्यातून आत जायचं. डाख द्यायला शिकताना डाव्या हाताची तीन बोटं भाजली. सातवीत शाळा सोडलेल्या बाईनं दोन हिवाळे घालवले यात, शाळेच्या भटारखान्यात दीडशे पोरांचं जेवण करून घरी आल्यावर.

फेब्रुवारीत आईला पुरलं. दुसऱ्याच दिवशी तू म्हणालास की एक वायर सुटलीय, डेटनला नेतो, नीट करून ईस्टरला आणून देतो. ईस्टर गेला. मका मोडून झाला. आता पेपरातून कळतं, की बारा ऑक्टोबरच्या तुमच्या घरगुती वाद्यांच्या मेळ्यात पहिलं येणारं वाद्य तिथल्या काचेच्या कपाटात कायमचं राहणार. म्हणजे आईचा चमचा काचेत, खाली तुझ्या नावाची पाटी, आणि मी इथे भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत बसायचं.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी गप्प बसते. कागदावर तसं होत नाही. वाद्य परत पाठव.

लोभ होता तेवढा आहे. त्यात भर घालायची का घट आणायची, ते तुझ्या हातात.

अर्डिथ


डेटन, ओहायो
शनिवार, २१ सप्टेंबर १९९६

ती. अर्डीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातमोजे घालून उघडायला हवं होतं. वांडा म्हणाली की वन्संची तब्येत चांगली दिसते, एवढं रागावायला ताकद लागते.

अगं, पेपरवाली पोरगी घाईत होती, मी काहीतरी बोललो, तिनं काहीतरी लिहिलं. आणि नाव शेवटी स्टिडमचंच लागलं ना? तुझं नाव घातलं असतं तर तुला मंचावर यावं लागलं असतं. माझ्या लग्नात तू फोटोला उभी राहिली नाहीस, सगळा वेळ चर्चच्या स्वयंपाकघरात प्लेटा धूत होतीस. तुझ्यावरचं संकट मी अंगावर घेतलं असं समज.

खरं तर तू माझे आभार मानायला हवेत. वाद्याची दशा फार वाईट होती. मी पाठ उघडली, रिसीव्हरांवर तू ओतलेलं काळं मेण सगळं खरवडून काढलं, दोन्ही सुटे करून साफ केले आणि अगदी एकसारखे, नीट बसवले. एका रिसीव्हरची वायर तू चक्क उलटी जोडली होतीस! ती सरळ केली. तुझा दोष नाही, तुला तिथे सांगणार कोण? मी अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात वायरीच जोडतोय. वरून दोन हात व्हार्निश दिलं. बघशील तर ओळखणार नाहीस.

एकच बारीकशी गोष्ट. आता वाजवलं की मागे सारखी घूं घूं येते, सूर त्यात बुडून जातो. तुझ्याकडे असताना येत होती का? काही युक्ती असली तर कळव. मेळ्याचा रिवाज तुला माहीत आहे. ज्यानं वाद्य केलं त्यानंच मंचावर त्याची पाठ उघडायची, एकेक जोड लोकांना समजावून सांगायचा आणि मग वाजवायचं. दिवस थोडे राहिलेत.

वांडानं सफरचंदाच्या मुरंब्याच्या चार बरण्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. लोभ असू दे, निदान बारा तारखेपर्यंत तरी.

तुझा,
बब


कॅनी खोरं
बुधवार, २५ सप्टेंबर १९९६

चि. डेलमर यास,
अर्धा आशीर्वाद, कारण फार दिवसांनी हसले.

बब म्हणून सही करू नकोस. बब सहा वर्षांचा होता आणि खोटं बोलला की स्वतःच रडायला लागायचा.

तुझं पत्र मी भटारखान्यात वाचलं. इतकी हसले की बायका पळी टाकून बघायला आल्या. त्यांना म्हटलं, माझ्या भावाच्या वाद्यात गांधीलमाशी शिरलीय.

विचारतोस ना, माझ्याकडे येत होती का? येत होती. पहिल्या हिवाळ्यात आईला चमचा दिला की ती थू करून टाकून द्यायची. म्हणायची दातात गांधीलमाशी गुणगुणतेय. फ्रीज सुरू झाला की माशी. दिवा लावला की माशी. शेजारच्या रानात विजेचा खांब आहे, त्याचीसुद्धा माशी. अख्खा दुसरा हिवाळा मी त्या माशीच्या मागे होते. वायरी दुसरीकडून नेल्या, डब्याला पत्रा गुंडाळला, रिसीव्हर चारदा काढले न् चारदा बसवले. आणि एका रविवारी माशी मेली. कशानं मेली? त्या उलट्या वायरीनं. मी ती मुद्दाम उलटी जोडली होती, अठ्ठावीस वर्षांच्या शहाण्या! तू ती सरळ केलीस आणि माशीला परत घरात घेतलंस.

तर जा, वायर पुन्हा उलटी कर. बघ माशी जाते का. एवढं सांगते आणि गप्प बसते. वाद्य परत पाठवलं नाहीस म्हणून जास्त सांगत नाही.

मुरंबा वांडाच्या हातचा आहे म्हणून घेईन.

अर्डिथ


डेटन
सोमवार, ३० सप्टेंबर १९९६

ती. अर्डी,
सा. न.

वायर उलटी केली. माशी गेली. आणि सूरही गेला! तार छेडतो तर डब्यातून काही म्हणजे काही येत नाही, पलीकडच्या खोलीत मांजर चालल्यासारखं काहीतरी. सरळ केली की माशी, उलटी केली की मुकं. चार संध्याकाळी हेच करतोय. वांडा म्हणते तुम्ही दोघं भावंडं एकाच भट्टीत भाजलेली आहात.

तुला हे माहीत होतं. तू अर्धंच सांगितलंस. तुझ्या भावाची भर मेळ्यात फजिती व्हावी म्हणून तू टपून बसली आहेस. शाबास.

आता माझंही ऐक. कारखान्यातल्या एकानं दुकानातला तयार सेट आणून दिलाय. पुढच्या शुक्रवारी, अकरा तारखेला, मी ते दोन्ही जुने रिसीव्हर काढून फेकून देणार आहे आणि तो नवा बसवणार आहे. मंचावर पाठ उघडली की तोच दाखवीन, आणि कसा चालतो ते मला पाठ आहे. त्याला माशी येत नाही.

मला खलनायक करू नकोस. तू तिथे होतीस, अर्डी. रोज होतीस. मी इथे पाळ्या करत होतो. आई गेली तेव्हा मी रस्त्यात होतो, लेक्सिंग्टनसुद्धा आलं नव्हतं. पुरताना जो भेटला तो म्हणाला की अर्डिथनं आईला शेवटी ऐकायला लावलं. मला कोणी काही म्हणालं नाही, म्हणण्यासारखं काही नव्हतंच. त्या पेपरवाल्या पोरीनं विचारलं हे कोणी केलं, मी ‘घरच्यांनी’ म्हणणार होतो, तोंडातून ‘मी’ निघालं. एकदा निघाल्यावर परत कसं घेऊ? इथे सगळी ओळखीची माणसं आहेत.

लोभ राहील का, ते विचारायचं धाडस होत नाही.

डेलमर


कॅनी खोरं
शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९६

डेलमर,

हो, माहीत होतं. मुद्दाम अर्धंच सांगितलं. तू चार संध्याकाळी त्या डब्यावर वाकून बसलास हे वाचलं आणि रात्रीच्या जेवणाला दोन भाकरी जास्त खाल्ल्या, मक्याच्या, लोणी लावून.

उरलेलं अर्धं त्या मेणाखाली होतं. मी रिसीव्हर बसवताना त्यांतल्या एकाचं काय केलं होतं, ते तू खरवडून, साफ करून, एकसारखं करून टाकलंस. आता ते फक्त माझ्या डोक्यात आहे. तुझ्या कारखान्यातल्या एकाला विचार, दहाजणांना विचार.

तोंडातून ‘मी’ निघालं म्हणतोस. मग फोटोला बसलास तेव्हा काय निघालं? मेळ्याच्या कागदावर नाव लिहिलंस तेव्हा? व्हार्निश दिलंस तेव्हा? मला खोटं समजतं रे, पण खोट्याला दोन हात व्हार्निश देणारा माणूस माझ्या घरातला आहे हे समजून घ्यायला वेळ लागला.

आणि फेकायचं म्हणतोस ते काय आहे ते कळू दे. त्या दोनांतला एक आपल्या स्वयंपाकघरातला फोन. तू दर रविवारी फोन करीन म्हणून गेला होतास. कान पूर्ण गेल्यावरसुद्धा आई रविवारी जेवण झालं की तो कानाला लावून भिंतीपाशी उभी राहायची. मी सांगायचे की आज आला नाही. ती म्हणायची, तुला काय ठाऊक, तू कुठे ऐकतेयस. त्यातलं चुंबक आहे ते. जा, टाक शुक्रवारी कचऱ्यात.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, पाद्र्यालासुद्धा नाही. आता तुला सांगते, आणि तुझं चांगलं व्हावं म्हणून सांगत नाही, तुला लागावं म्हणून सांगते.

माशी मेली त्या रविवारी आई खिडकीकडे तोंड करून आरामखुर्चीत होती. डोळ्यांनाही तेव्हा फारसं दिसत नव्हतं. चमचा तिच्या दातांत दिला आणि मी तिच्या मागे बसून तिच्या आईचं भजन वाजवलं, तू लहानपणी पडवीत वाजवायचास ते. दुसऱ्या ओळीला तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा माशी. मी थांबले. तर चमचा न सोडता, दातांतल्या दातांत, ती म्हणाली, डेलमर आला का? डेलमर वाजवतोय का?

दोन हिवाळे, डेलमर. भाजलेली बोटं. आणि पहिला शब्द तुझा.

मी उठून तिच्यासमोर गेले, तिचा हात धरला आणि मान हलवली. हो म्हणून. परत जाऊन सगळं भजन वाजवलं. मरेपर्यंत ती येईल त्याला सांगत होती की डेलमर येऊन माझ्यासाठी वाजवून गेला.

म्हणजे जे तू पेपरात चोरलंस ते मी तुला आधीच एकदा दिलं होतं, न मागता. आईला फसवायची लाज वाटली नाही मला. ती एकच बाई होती जिला ते खोटं हवं होतं. डेटनमध्ये तशी कोणी नाही.

तर माझं म्हणणं असं. तू मेळा भरवणाऱ्या बायांना स्वतःच्या हातानं लिहून द्यायचंस की हे तुझ्या बहिणीनं केलं. शनिवारी मंचावर मी चढेन, गर्दी असो नाहीतर नसो. सगळ्यांसमोर पाठ मी उघडीन, बिघडवलेलं मी दुरुस्त करीन आणि वाजवीनही मीच. तू स्टुलावर बसायचंस, चमचा दातांत धरून, माझ्याकडे पाठ करून. आई बसायची तसाच. मग वाद्य माझ्याबरोबर घरी येईल. पहिलं आलं तरी येईल. काचेत ते जाणार नाही.

हे नको असेल तर खुशाल नवा सेट बसव. मी तरी येणारच, शुक्रवारच्या सकाळच्या बसनं. पहिल्या रांगेत बसेन. तू पाठ उघडलीस की हात वर करीन आणि एकच विचारीन, इथे मेण कशाला होतं, आणि ते कोणी काढलं. घरी मी तुला सोडलं असतं. तिथे सोडणार नाही. वांडासमोर नाही, तुझ्या ओळखीच्यांसमोर तर नाहीच नाही.

टपालवाला गुरुवारी, दहा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास फाटकापाशी येतो. मी त्या दिवशी भटारखान्यातून लवकर सुटी घेतलीय. लांबलचक लिहू नकोस, वांडाला मध्ये घालू नकोस, लेक्सिंग्टन सांगू नकोस. कागदावर एकच नाव लिहून पाठव. ते कोणी केलं?

गुरुवार, डेलमर. दोन वाजता.

अर्डिथ स्टिडम