मागच्या बाकावरचं उत्तर

र. ५ ऑक्टो.
आज देवळात नवं उपासनापुस्तक सुरू. अक्षर मोठं आहे, बरं झालं. पाद्रीसाहेब म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो." मंडळीने नवं उत्तर दिलं, "आणि तुमच्याबरोबरही." मीही, चाचरत. सगळे थांबल्यावर मागे, बायकांच्या बाजूने, एकच आवाज जुनं उत्तर पुरं करत राहिला. "...तुझ्या आत्म्याबरोबर असो."
आमची ही मागच्या बाकावर खिडकीशी बसायची. वाचता येत नव्हतं, जुनी उपासना तोंडपाठ. पण तिला मातीत ठेवून सगळा पावसाळा गेला.
मसोलीला घरी येईपर्यंत छातीत धडधड. बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना. दुसरी घ्यायची भीती.

र. १२
पुन्हा. मान वळवली नाही.
बाहेर पाद्रीसाहेबांनी थांबवलं. ते पावसाळ्यात बदली होऊन आलेले, हिला कधी पाहिलेलं नाही. हसत म्हणाले, "आजोबा, त्या खिडकीशी बसतात त्या आजींना सांगा ना, आता नवं म्हणायचं."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मंगळ. १४
वेवजीला चुलतबहीण जानकीकडे. त्या घराने बाप्तिस्मा घेतला नाही. भात कापणीला आलेलं. सगळं सांगितलं. तिने नाचणीची भाकर पुढे सारली.
"वहिनीला जा म्हटलं का रे कोणी?"
मी भाकर मोडली.
"आमच्यात मेलेल्याला हाक मारून सांगतात. तुमच्यात पुस्तक वाचलं की चालले घरी."
दफन आठवत बसलो. तेव्हा इथे पाद्री नव्हता, म्हाताऱ्या उपदेशकाने जुन्या पुस्तकातून वाचलं. आपली बहीण, तिचा आत्मा, तिचं शरीर. सगळं आम्हाला सांगितलं. तिला एक शब्द नाही.

शुक्र. १७
पाद्रीसाहेबांना सहज म्हणून विचारलं. त्यांनी बरंच समजावलं, मला एवढं कळलं. पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात पाद्री कबरीपाशी मेलेल्याशीच बोलायचा, तुझा आत्मा देवाच्या हाती देतो म्हणायचा. तीन वर्षांत पुस्तक बदललं, तो लोकांकडे वळला. आमचं जुनं मराठी पुस्तक त्या नंतरच्यावरून केलेलं. आता नव्यात पुन्हा निरोप आहे, नाव घेऊन. या जगातून नीघ.
म्हणजे मधली शेकडो वर्षं कुणालाच...
दफनभूमीवरून आलो नाही. लांबच्या रस्त्याने आलो. तिथे सगळे जुन्या पुस्तकाचेच.

बुध. २२
सांगून टाकलं, तो निरोप हिच्या कबरीवर वाचा म्हटलं. पाद्रीसाहेबांचा चहा निवला. मग म्हणाले, ते शब्द मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायचे असतात. तरी शनिवारी येतो म्हणाले. खिडकीशी बसणाऱ्या आजींबद्दल परत काही विचारलं नाही.
भीती जावी म्हणून करतोय. पण आमची ही खरंच गेली तर? डहाणू रोड स्टेशनच्या पलीकडे एकटी कधी गेली नाही. आणि मी इथे...
जेवलो नाही.

शनि. २५
कबरीवर गवत माजलेलं. पाद्रीसाहेब वाचत आले आणि थांबले. पुस्तकात नावाची जागा मोकळी असते. "नाव तुम्ही घ्या," म्हणाले. घरच्याने घेतलेलं बरं.
मार्था. इथे लिहिलं तेही पहिल्यांदाच. लग्न झाल्यापासून नावाने हाक मारली नाही, आमच्या वेळी मारत नसत. ओठ हलले. तोंडातून निघालं ते "अगं". पाद्रीसाहेबांनी तेवढ्यावर पुढचं वाचलं. नीघ म्हणून.
पण त्या हाकेला ती हातातलं टाकून यायची.

र. २६
पुरुषांच्या बाजूला, भिंतीकडच्या बाकावर एकटाच बसलो. जाताना खिडकीशी पाहून घेतलं, रिकामं.
"प्रभू तुम्हांबरोबर असो." मंडळीने नवं उत्तर दिलं. थांबली. मागे काही नाही. हायसं वाटलं की रडू आलं, सांगता येत नाही.
मग जुनं उत्तर आलं. मागून नाही. अगदी कानाशी.
पाद्रीसाहेबांनी पुस्तकातून मान वर करून माझ्या बाकाकडे पाहिलं. मी शेजारी पाहिलं नाही. भिंतीकडे थोडा सरकून जागा केली.