इंटरप्रिटरमधला माझा भाग

शेळगाव, ता. इंदापूर
गुरुवार, १२ मार्च १९९८

प्रिय सुप्रिया,

कशी आहेस? खोकला गेला का? पत्र मिळालं. इथे सगळे ठीक. आबांना जाऊन महिना झाला. मी अजून रडले नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पोर पार मुकी झालीया."

कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टचं विचारलंस. आपला इंटरप्रिटर बेरजा नीट करतो, 'जर'पाशी भरकटतो, ना? चूक माझ्याच भागात होती, सापडली. आपण लिहिलेल्या वाक्याचे आधी बारीक हुकूम होतात, तोच बाइटकोड. दोन ठेव, तीन ठेव, वरचे दोन्ही काढून बेरीज कर, उत्तर ठेव. इंटरप्रिटर एक हुकूम उचलतो, पाळतो, पुढचा उचलतो. बेरीज कशासाठी, हे त्याला ठाऊक नसतं. 'जर' आलं की उडीचा हुकूम येतो आणि त्याच्या मागोमाग कुठे जायचं तो पत्ता असतो, दोन बाइटचा. उडी मारायची नसेल तर पत्ता ओलांडायला हवा. मी ओलांडलाच नव्हता. बिचारा पत्त्यालाच हुकूम समजून पाळत बसला. तिथे काउंटरमध्ये, म्हणजे पुढचा हुकूम कुठला ते दाखवणाऱ्या आकड्यात, दोन मिळव, मग नीट चालेल.

इकडे मला बस म्हटलं की बसते, चहा आण म्हटलं की आणते. वडील गेले की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्यात रीत. दादासोकाकांनी सणसरचं स्थळ आणलं. मुलगा बारामती एमआयडीसीत आहे, वाईट नाही. लग्न एप्रिलात धरलंय. आपली परीक्षाही एप्रिलात.

परवा मुलाची आई, छबूबाई, एकट्याच आत आल्या. म्हणाल्या, "पोरी, परीक्षा द्यायची हाय का? तसं आसंल तर सांग. आमी थांबू की जूनपातूर."

मी म्हणाले, "न्हाय."

मला द्यायची होती गं. फार द्यायची होती. 'न्हाय' कसं आलं तोंडातून, कळलं नाही. त्या बाहेर गेल्या. आबांना माझं तोंड बघूनच समजलं असतं. मला आबा हवे आहेत.

तू येऊन छबूबाईंशी बोललीस तर त्या ऐकतील. सुपारी फुटायच्या आत मात्र. एकदा फुटली की तारीख हलत नाही.

सुपारी रविवारी आहे. हे पत्र उद्या टाकलं तर तुला सोमवारी मिळेल. तात्याबांच्या दुकानात फोन आहे, तुझ्या होस्टेलचा नंबर मला पाठ आहे. तरी मी पत्रच लिहिते आहे.

रागव हवं तर.

तुझी,
प्रतिक्षा