मंजुरीपूर्वी माती हलवू नये

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद राहिली पाहिजे.
पर्यावरण खात्याची 'हिरवा उतार' योजना सापडली. टेकड्यांचे उतार वाचवणाऱ्या संस्थांना घसघशीत अनुदान. आपल्याकडे टेकडी आहे, उतार आहे, उताराच्या पायथ्याशी ताईचं घर आहे. फक्त संस्था नव्हती. ती चहाच्या वेळी स्थापन केली. अध्यक्ष मी, खजिनदार ही, सदस्य ताई. ही म्हणाली, ताईंच्या घरामागचा पाण्याचा चर तुंबलाय, तेवढा उपसून टाका, त्याला संस्था कशाला? हिला दूरदृष्टी नाही. लग्नाच्या वेळीही नव्हती, नाहीतर लग्न झालं नसतं.

५ सप्टेंबर
नियमावली वाचून काढली. नियम अकरा लाल पेनाने अधोरेखित: मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामास अनुदान देय नाही. मंजुरीपूर्वी माती हलवू नये.
शहाणा नियम आहे. लोक आधी काम उरकतात आणि मग सरकारपुढे हात पसरतात. घरात बजावलं, उताराला कोणी बोट लावायचं नाही. ताईने विचारलं, कुंडीतली माती चालेल का? नियमावलीत कुंडीचा उल्लेख नाही. तूर्त नको म्हटलं.

९ सप्टेंबर
हिने परस्पर नळवाल्याला बोलावलं. त्याने चर पाहिला आणि एका दुपारचं काम आहे म्हणाला. त्याला परत पाठवलं. एका दुपारच्या कामाला कुठलं खातं अनुदान देतं? माझ्या प्रस्तावात हेच काम 'एकात्मिक जलनिःसारण, टप्पा एक' आहे आणि अठरा महिने चालणार आहे.
जाताना तो उताराकडे बघत उभा राहिला. कुंपणाचे खांब असे नव्हते हो, म्हणाला. वाकलेत थोडे. वय झालं की सगळेच वाकतात.

१७ सप्टेंबर
ताईच्या मागच्या खोलीचं दार अडकायला लागलंय. चौकट तिरकी झाली असावी. फॉर्ममधला 'निकडीचे पुरावे' हा रकाना रिकामाच होता, देव पावला. सुताराला बोलावू नकोस, असं ताईला सांगितलं. दार ढकलताना तिचा फोटो काढला. तिसऱ्या फोटोत चेहऱ्यावर बरी निकड आली.

२६ सप्टेंबर
प्रस्ताव सादर!
खात्याची कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. टेबलावर प्लास्टिकचं झाड, त्यावर धूळ. कारकुनाने प्रस्ताव हातात घेऊन वजन केल्यासारखा वर-खाली केला. दोन आठवड्यांत पाहणी होईल म्हणाला. म्हणजे महिना धरावा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे जुन्या काळचं झालं.

४ ऑक्टोबर
रागाने अक्षर बिघडतंय.
मी केस कापायला गेलो तेवढ्यात हिने आणि नळवाल्याने मिळून अर्धा चर उपसला. परत आलो तर पाणी खळखळ वाहतंय आणि ताई कठड्याला टेकून बघतेय. नियम अकराचा उघड उघड भंग. नेमकी तेव्हाच पाहणी आली असती म्हणजे?
अंधार पडायच्या आत सगळा गाळ मी एकट्याने परत चरात भरला. वर पालापाचोळा पसरला. अगदी मूळचं वाटतंय. कंबर धरली आहे. फावडं आणि कुदळ आमच्या पलंगाखाली लपवली.
ही खिडकीतून सगळं बघत होती. मग तिने खिडकी लावून घेतली. हे बरं लक्षण नाही.

१२ ऑक्टोबर
तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आज जरा उघडीप मिळाली म्हणून टेकडीवर गेलो. वरच्या पायवाटेला आडवी भेग पडलीय. हात घातला, कोपरापर्यंत गेला. आत गार होतं. खाली ताई अंगणात कपडे वाळत घालत होती, एवढीशी दिसत होती.
भीती वाटली.
मग सुचलं की भेगेमुळे प्रस्तावाचे गुण वाढतील. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. पुरवणी आजच रवाना.

१५ ऑक्टोबर
कचेरीत फोन केला. पाहणी पुढच्या आठवड्यात. घोडं गंगेत न्हालंच समजा.
ताईच्या मागच्या भिंतीच्या पायातून गेले काही दिवस गढूळ पाणी झिरपत होतं. आज सकाळी ते अचानक बंद झालं. हिला म्हटलं, बघ, काही प्रश्न आपोआप सुटतात. हिने नळवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वाहतं पाणी थांबलं म्हणजे ते आत कुठेतरी साठतंय, ताईंना तिथे ठेवू नका. यांचं पोटच गळतीवर, हे दुसरं काय सांगणार?
हिने ताईचा बिछाना आमच्या पुढच्या खोलीत, म्हणजे संस्थेच्या कार्यालयात, आणून टाकला. लेटरहेड हलवावी लागली. ताई अजून मला छोट्या म्हणते. अध्यक्षाला.

१६ ऑक्टोबर, दुपारी
लिहायला बसवत नाही, पण नोंद राहिली पाहिजे.
सकाळी ताई तिची कुंडी आणायला म्हणून घरी गेली. थोड्या वेळाने आवाज झाला. वाळूचा ट्रक रिकामा करताना होतो तसा, पण थांबेचना. ही माझ्या आधी पोचली.
मागची खोली नाही. तिच्या जागी उतार आहे.
ताई पुढच्या पायरीवर बसली होती, मांडीवर कुंडी. मागच्या अंगणातून कुंडी उचलून ती मागच्या दाराने घरात शिरणार होती. दार उघडेना. वळसा घालून पुढे आली, म्हणून वाचली.
मी म्हणालो, तरी बरं, दार दुरुस्त करू दिलं नाही. मोठ्याने म्हणालो. हिने ताईच्या मांडीवरची कुंडी उचलली आणि तिला हात देऊन उठवलं.

२१ ऑक्टोबर
पाहणी झाली. अधिकारी तरुण बाई, बूट कोरे करकरीत. तिने मी पाठवलेला भेगेचा फोटो पाहिला, ढिगारा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मग मंजुरीआधीच माती हलवलीत का, असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही नाही हलवली, ती हलली. ती म्हणाली, कोणी हलवली याचा रकाना नाही.
चहाला थांबली नाही. कोणी केलाही नव्हता.

२९ ऑक्टोबर
पत्र आलं. 'प्रकल्पस्थळी मंजुरीपूर्वी माती हलल्याचे आढळून आले. सबब अपात्र.'
दुसऱ्या खात्याची आपत्तीग्रस्तांसाठी योजना आहे. नियमावली उतरवून घेतली. पंचनाम्यापर्यंत ढिगाऱ्याला हात लावू नये. अर्ज अजून कच्चाच, तरी ताईला ताकीद द्यायला खाली गेलो. ती ढिगाऱ्यातून हातांनी काहीतरी ओढत होती. ही दुसऱ्या बाजूने. दोघींची नखं मातीने भरली होती. मी नियम सांगायला तोंड उघडलं.
ताईने वर न बघता विचारलं, "छोट्या, फावडं कुठे ठेवलंस?"
पलंगाखालून काढून आणून दिलं. कुदळ माझ्याच हातात राहिली. उभं राहणं बरं दिसेना. जेवणं झाल्यावर नळवालाही आला. ढिगाऱ्याला महिना लागेल म्हणाला, आधी चर मोकळा करू. अंधार पडायच्या आत पाणी वाहायला लागलं.
एका दुपारचंच काम होतं.