चुलीपुढचे तीन घास

बारामती,
४ सप्टेंबर १९३७

प्रिय द्वारका,

पत्र का नाही, म्हणून रागावली असशील. लोकांची डोकी मोजत हिंडणारा तुझा नवरा आठ दिवस खोलीबाहेर पडलेला नाही. लपवून काय करू? माझ्या हातून एक माणूस मेलं.

इंदापूरकडच्या दोन कुळांत सहा वर्षांपूर्वी कापाकापी झाली. हरलेल्या कुळाला सरकारनं इथं तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. पळून गेलेल्यांवर वॉरंटं आहेत. कोण मेलं, कोण कुठं पांगलं, अशा वंशावळी लिहिणं हे माझं काम. ठमाबाई नावाच्या म्हातारीनं चार मुलगे सांगितले, चारही मयत. आता या लोकांची रीत अशी, की जेवणाआधी घरातल्या प्रत्येक मेलेल्या लेकराच्या नावानं चुलीपुढं एक घास ठेवायचा. ठमाबाई तीनच ठेवायची! मी शहाणा ना, मी घास मोजले. मग तिच्या शेजारच्या रंगूबाईला गोडीगुलाबीनं बोलतं केलं आणि थोरल्या जोतीरामापुढचं 'मयत' खोडून 'हयात, भिगवण' असं लिहिलं. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नव्हती.

वहीची नक्कल कचेरीत गेली, तिथून पोलिसांकडे. त्यांना पाहताच जोतीरामानं भीमेच्या पुरात उडी टाकली. तिसऱ्या दिवशी प्रेत काठाला लागलं.

मी ठमाबाईकडे गेलो. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "मास्तर, आता खोडा. मेला म्हून लिवा. म्या पयलंच सांगितलं व्हतं, तुमीच ऐकलं न्हाय." तेव्हापासून डोळे मिटले की चौथा घास ठेवणारा तिचा हात दिसतो. मला फार भीती वाटते गं.

आज लिहायला बसलो, कारण दुसरी वही तुझ्याकडे आहे. तिची सुवाच्य नक्कल करायला मीच सांगितलं होतं. पहिलीची नक्कलही तुझ्याच अक्षरात होती, पण ते मनाला लावून घेऊ नकोस. दोष सगळा माझा. शनिवारी साहेबांचा शिपाई ती न्यायला येईल. माझी नोकरी जाईल, या वंशावळींवरचा प्रबंधही बुडेल. बुडू दे. तो यायच्या आत वही आणि झालेली नक्कल, दोन्ही बंबात घाल. तीत सत्तावीस माणसं अजून जिवंत आहेत.

तुझाच,
दत्तोबा