रिपोर्टच्या आधीची साक्ष

प्रिय आई,

तुला आणि पपांना प्रभूच्या नावानं सलाम. मी बरा आहे. चाकणच्या मेसमध्ये भाकरी मिळते. पपांचा खोकला थांबला का?

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. आमच्या कंपनीत पॅकिंगला वर्षाली आहे, तिच्यावर माझा जीव आहे. तिच्या मानेत गाठ आली आहे. रिपोर्ट गुरुवारी येणार.

कॉलेज सोडलं तेव्हा मी पपांवर ओरडलो होतो, "देव आहे तर पुरावा दाखवा!" इथं कंपनीत माझं कामही तेच, तपासणीचं. मोजल्याशिवाय मी एकही पार्ट पास करत नाही.

पण रविवारी पिंपरीच्या चर्चमध्ये, बरे झालेले लोक प्रभूनं आपल्याला कसं बरं केलं याची साक्ष देत होते, त्यांच्यात मीही उभा राहिलो आणि वर्षालीच्या गाठीचं सांगितलं. मागून एक काका म्हणाले, "अरे पोरा, आधी तिला बरं तर होऊ दे! साक्ष मग देतात."

मी तडकलोच. "बरं झाल्यावर साक्ष द्यायला विश्वास कशाला लागतो, काका?"

बोललो खरा, पण पुढं "प्रभू आमच्यासोबत आहे," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.

पपांना सांग, पुरावा अजून मिळालेला नाही. आई, मला फार भीती वाटते. गुरुवारी दोघंही तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. रिपोर्ट काहीही आला, तरी रविवारी मला परत तिथंच उभं राहायचंय.

तुमचाच तापट,
सुमंत